तरी चालतेय

ट्रामच्या पेडलवरून पाय काढायचा नसतो.
ड्रायव्हरला घेरी आली, डोळा लागला, मेलाच तो,
तर पाय सुटतो आणि गाडी आपोआप थांबते.
रीगाच्या डेपोत पहिल्याच दिवशी शिकवतात हे,
हसत हसत.

चौदा वर्षांत माझा पाय सुटला नाही.
तालिस झाला, दीड वर्षाचा झाला, मी परत आले.
पहाटे पावणेचार. त्याचे मोजे हीटरवर, लापशी झाकलेली,
गुंतार्स बंदरावरून येईपर्यंत
शेजारच्या स्कैद्रीतेबाईंचं दार अर्धं उघडं.
लोक म्हणतात, तारेवरची कसरत.
माझ्या तर डोक्यावर खरीच तार होती,
सहाशे व्होल्टची,
आणि तिच्याखालून मी रोज वेळेवर जात होते.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी,
बाजाराच्या पुढे, पुलाच्या अलीकडे,
पाय सुटला.
घेरी नव्हती. झोप नव्हती. मी जिवंत होते.
त्या पायालाच पुरे झालं होतं.

सत्तर माणसं पुढे झुकली, मागे आली.
मी वायपरकडे बघत होते:
जातो, येतो. जातो, येतो.
शेपूची जुडी घेतलेल्या एका म्हातारीनं
काचेवर टकटक केलं.
"पोरी, दिवा हिरवा झालाय."
"हो," मी म्हणाले, "दिसतोय."
तो आणखी तीनदा हिरवा झाला.

डॉक्टर माझ्याहून लहान, नखं कुरतडलेला.
विचारलं, "काहीही न करता शेवटचं कधी बसला होता?"
मी मागे मागे गेले, थांबा थांबा मोजत.
"लाल दिव्याला," म्हणाले.
तो हसला नाही.
सहा आठवडे लिहून दिले.

पहिल्या आठवड्यात मी कपाटं आवरली.
दुसऱ्यात लापशी करपली म्हणून रडले,
इतकी, की तालिस म्हणाला, मला करपलेलीच आवडते.
हे ऐकून आणखी रडले.
तिसऱ्यात गुंतार्स म्हणाला, "मी मदत करतो की."
मदत शेजाऱ्याला करतात, मी म्हणाले,
ते मोजे तुझ्याही मुलाचे आहेत.
तो बराच वेळ चहा ढवळत बसला, साखर न घालता.

दुसऱ्या दिवशी हीटरवर मोजे होते.
एक निळा, एक पट्ट्यापट्ट्यांचा.
मी उठून बदलले नाहीत.
लिहायला सोपं आहे हे.
पलंगाची कड धरून बसले होते मी.

पाचव्या आठवड्यात तालिसला घेऊन
ट्रामनं शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, पाइनच्या रानापाशी.
काम काही नव्हतं तिथं.
खिडकी त्याला दिली.
वळण आलं, आणि माझा उजवा पाय
आपसूक जमिनीत रुतला.
सरळ रूळ आले, तरी तसाच.
तालिसनं पाहिलं.
दोन्ही हात माझ्या गुडघ्याखाली घालून
त्यानं तो उचलला, जडशीळ, बुटासकट,
ओठ चावत, पिशवी उचलावी तसा,
आणि धरून ठेवला.
"बघ," म्हणाला, "तरी चालतेय."

आता आठवड्यातले चारच दिवस गाडी माझी.
पगार कमी झाला, उन्हाळ्यात समुद्रकाठची खोली नाही.
बरी झाले का, लोक विचारतात.
काही रात्री अजूनही झोपेत थांबे पुकारते,
गुंतार्स म्हणतो, एकही चुकत नाही.

पण बुधवारी सकाळी मी आडवी असते.
बेसिनमध्ये भांडी आहेत, मला माहीत आहे.
खालून ट्राम जाते, कुणाच्या तरी पायानं.
कपाटातले पेले किणकिणतात,
मग गप्प होतात.
मी उठत नाही.